आठवीच्या मुलांना साधा भागाकार येत नाही. सिलॅबस पुढे न्यावा की पहिलीपासून सुरुवात करावी?

प्रश्न वाचून आधी रागच आला, तुमचा नाही, त्या "पहिलीपासून"चा. आमचे त्या वेळचे पर्यवेक्षक सर हा शब्द इतक्या वेळा म्हणायचे की अजून कानात बसलाय. पाया कच्चा आहे मॅडम, पहिलीपासून घ्या. झालं, विषय संपला.

मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला गणित शिकवते. आमच्याकडे आठवीत पोरं वाडी-वस्तीवरच्या सातवीपर्यंतच्या शाळांमधून येतात, त्यातली बरीच ऊसतोडवाल्यांची. त्या वर्षी सरांनी जूनमध्ये चाचणी घेतली, मार्कांवरून १९ पोरांची यादी काढली आणि शेवटच्या तासाला त्यांचा वेगळा वर्ग लावला. त्यात काय, तर बाराखडी आणि पाढे. आठवीतली पोरं, काहींना मिसरूड फुटलेलं, आणि मोठ्यानं का कि की. खिडकीतून बाकीची पोरं हसायची.

त्या यादीत एक मुलगी होती. चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली, "बाई, येती की मला बाराखडी." मी काय केलं असेल? काही नाही. तिच्या नावापुढे "अप्रगत" मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

मग जुलैत समांतर रेषा व छेदिका शिकवत होते. संगत कोन, व्युत्क्रम कोन, हिनं सगळे बरोबर काढले, हुशार म्हणवणाऱ्यांच्या आधी. आणि त्याच पोरीला ४१२ भागिले ४ दिलं तर उत्तर १३. मधला शून्य गायब. मला वाटलं कोन कॉपी केले असतील (हे लिहितानाही लाज वाटते). शेजारी बसवून विचारलं, अगं भागाकार शिकवला नाही का कुणी, तर म्हणाली, "बाई, ते आमच्या टायमाला नसतंय."

आमच्या टायमाला म्हणजे काय हे कळायला मला दोन दिवस लागले. आईबाप मुकादमाची उचल (म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे) घेऊन दिवाळी झाली की साखर कारखान्याला ऊस तोडायला जायचे, हीपण बरोबर, धाकट्या भावाला सांभाळायला, आणि परत यायची ते पाडव्याच्या आसपास. म्हणजे पहिली ते सातवी, दरवर्षी जून ते दिवाळी शाळा. पुस्तकाचा विभाग पहिला तिला सात वेळा मिळाला आणि विभाग दुसरा एकदाही नाही. तिच्या शाळेत भागाकार दिवाळीनंतर व्हायचा, तेव्हा ही उसाच्या फडावर. बेरीज पक्की, भूमितीतली सुरुवात पक्की, भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी शून्य. अशा पोरीला तुम्ही पहिलीपासून काय शिकवणार? पहिली तिला येते हो!

म्हणून मी म्हणते की "मागे आहे" हा शब्दच सोडा. पोरगं सगळीकडून सारखं मागे नसतं, त्याच्यात मधेमधे खड्डे असतात आणि प्रत्येकाचा खड्डा वेगळा. ५०३ वजा २७८ चं उत्तर ज्यानं ३७५ लिहिलं त्याला वजाबाकी येते, तो फक्त प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, त्याला उसनं घेणं कुणी नीट दाखवलेलं नाही. आणि जो एकोणसत्तर ऐकून ७९ लिहितो त्याचा गणिताशी संबंधच नाही, तो आपल्या मराठी आकड्यांचा प्रॉब्लेम आहे, सत्तर ऐकू आलं की हात सातावर जातो. हे तिघं सरांच्या यादीत एकाच रांगेत होते.

तिला मी परिपाठाच्या आधी रोज वीस मिनिटं घेतलं. खेळण्यातल्या नोटा, चार शंभराच्या, एक दहाची, दोन रुपये सुटे, चौघांत वाट. शंभर शंभर वाटले, दहाची नोट चौघांत वाटता येईना, म्हणून तिथं शून्य लिही आणि नोट मोडून आण. तीन दिवसांत शून्य जागेवर आला. अपूर्णांकांना मात्र दोन महिने गेले आणि खरं सांगायचं तर ते शेवटपर्यंत लंगडेच राहिले. त्या वर्षी आजी आजारी म्हणून ती दिवाळीनंतर गावातच राहिली, हे नशीब. नाहीतर माझी वीस मिनिटंपण फडावर गेली असती.

कायद्याचं म्हणाल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्ग आणि सोबत विशेष प्रशिक्षण आहे, पण ते शाळाबाह्य मुलांना. हिचं नाव पटावर होतं, म्हणजे ही शाळेतच! आता पाचवी-आठवीला नापास करणं परत आलंय, त्यावर बरेच जण खूश आहेत. हिला नापास केलं असतं तर काय मिळालं असतं, परत तोच विभाग पहिला.

दहावीला तिला गणितात ४१ पडले. सर रिटायर झालेत, मागे एका लग्नात भेटले तर म्हणाले, "एवढं करून ४१च ना?" हो सर, ४१च.

आता तुमच्या सिलॅबसचं. मी त्या वर्षी चक्रवाढ व्याज दोन तासांत उरकलं, पुढच्या बाकावरच्या पोरांचे पालक तक्रार घेऊन आले आणि त्यांचं चुकलं नव्हतं. शिवाय माझ्या वर्गात ४३ पोरं होती. तुमच्याकडे सत्तर असतील आणि निम्म्यांना भागाकार येत नसेल तर रोज एकेकाला घेणं जमणार नाही, सारख्या चुकीवाल्यांचे गट करून बसवा. त्यासाठी दहा गणितांचा एक कागद काढा, त्यात मधे शून्य येणारा भागाकार आणि उसनं घ्यायची वजाबाकी हवीच, आणि चुका बघा. मार्क देऊ नका. मार्क दिले की त्याची यादी होते आणि यादी पर्यवेक्षकांच्या टेबलावर जाते.