टबात बसलेली मुलगी आणि एक झाकण

मावशी,
माझी मुलगी एकोणीस महिन्यांची आहे. आठ आठवडे लवकर झाली. मान धरली, पालथी पडते, पण बसत नाही. बसवलं की दोन्ही हात पुढे जमिनीला रोवते आणि जराशात कलंडते. वाढीच्या टप्प्यांना उशीर होतोय, असं डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपिस्टनी घरी कॉर्नर चेअर आणि एक लोड आणायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "लेकराला पट्ट्यांनी बांधून ठेवणार? आधार दिला की आणखी आळशी होईल. बसेल तिची ती." नणंदेनं गोल वॉकर आणून दिलाय. नवऱ्याचं म्हणणं, तसली खुर्ची घरात आली की येणारा-जाणारा विचारणार. गेल्या आठवड्यात कपडे वाळत घालायचे होते, म्हणून मी तिला कपड्यांच्या रिकाम्या टबात चारी बाजूंनी टॉवेल कोंबून बसवलं. एक झाकण घेऊन ती दहा मिनिटं खेळत बसली, या हातातून त्या हातात. मला मात्र इतकं अपराधी वाटलं, की मुलीला टबात कोंबून मी माझी कामं उरकतेय. खुर्ची म्हणजे तेच ना? काय करू?
– एक आई

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या झाकणापाशी थांबले. ज्या गोष्टीची तुला लाज वाटली, तिच्यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

जमिनीवर बसवलं की तुझी मुलगी दोन्ही हात खाली रोवते. ते हात त्या वेळी खेळायचे राहत नाहीत, ते टेकू होतात. एक हात उचलला तर आपण पडणार हे तिला कळतं, म्हणून समोर कितीही छान खेळणं ठेवलं तरी ती हात उचलत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं हिला खेळण्यात रसच नाही. टबात तू टॉवेल कोंबलेस आणि टेकू द्यायचं काम टॉवेलांनी घेतलं. हात सुटले. मग ते झाकण या हातातून त्या हातात गेलं, म्हणजे दोन्ही हात शरीराच्या मधोमध एकत्र आले, डोळे त्यांच्यामागे गेले आणि दहा मिनिटं लक्ष टिकलं. यातलं काहीही तिला कुणी शिकवलं नव्हतं. कॉर्नर चेअर हेच करते, फक्त टॉवेलांपेक्षा नीट करते. तिच्या पाठीच्या दोन बाजू भिंतींच्या कोपऱ्यासारख्या कोनात मिळतात, त्यामुळे मुलीचे खांदे थोडे पुढे येतात आणि हात आपोआप समोर येतात.

तेव्हा खुर्ची आण. आणायच्या आधी थेरपिस्टकडे तिला अशा खुर्चीत बसवून बघ, आणि वाढत्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करता येईल अशीच निवड. या वयात मुलं पटकन उंच होतात.

सासूबाईंच्या "बसेल तिची ती" बद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. लवकर जन्मलेल्या मुलांचं वय पहिली दोन वर्षं अपेक्षित तारखेपासून मोजतात, त्या हिशोबाने तुझी मुलगी साधारण सतरा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय बसण्याची वरची मर्यादा ९.२ महिने आहे. हे तुला घाबरवायला सांगत नाही. वाट बघण्याचा काळ मागे गेला आहे आणि आता मदत करण्याचा आहे, एवढंच त्यातून घ्यायचं.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझ्या मुलालाही अशीच खुर्ची सांगितली होती. मी ती आणली आणि आठ महिने माळ्यावर ठेवली. खाली काढली तर मान्य केल्यासारखं होईल, असं वाटायचं. त्या आठ महिन्यांत तो बहुतेक वेळ पाठीवर पडून होता, म्हणजे त्याने आमच्या घराचं छत पाहिलं. खुर्ची काढली त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या उंचीवरून खोली बघत होता. दाराकडे, खिडकीकडे, माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून रडले. ते आठ महिने मला परत मिळाले नाहीत, म्हणून तुला इतक्या घाईने सांगतेय.

आता बसवण्याचं. आधी बैठक बघायची. तिचा पार्श्वभाग खुर्चीच्या अगदी मागे टेकलेला हवा, कारण तिथून ती पुढे घसरली की पाठ, मान, हात सगळंच बिघडतं. पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. खुर्ची जमिनीलगतची असेल तर पाय कसे ठेवायचे ते थेरपिस्ट दाखवतील. उंच असेल तर पाउलं पाटावर सपाट टेकू देत. ट्रे कोपरांच्या उंचीला. पट्टा कमरेशी, बैठक जागेवर ठेवण्यापुरता. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. मान झुकायला लागली, एका बाजूला कलली, कुरकुरली की काढून घ्यायचं. किती वेळ आणि दिवसातून कितीदा, हे तिला हाताळणाऱ्या थेरपिस्टनी ठरवायचं. खुर्चीत झोप लागली तर लगेच उचलून सपाट अंथरुणावर ठेव. मान पुढे पडली की लहान मुलाचा श्वास अडू शकतो, यात हयगय नको.

आणि उरलेला दिवस जमीन. सासूबाईंच्या बोलण्यात जे खरं आहे ते इथे. मूल तासन्‌तास खुर्चीत राहिलं तर त्याचं नुकसानच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्येही लहान मुलांना एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून बसवू नये असं म्हटलंय. लोड या जमिनीवरच्या वेळासाठी आहे. तिला लोडावर पालथं घाल, छाती लोडावर आणि हात पुढे. मान उचलायची मेहनत तिची, पण वजन लोड घेतो. लोड येईपर्यंत घट्ट गुंडाळलेला टॉवेल चालेल. तू समोर पालथी पड, तुझा चेहरा हे तिचं सगळ्यात आवडतं खेळणं आहे.

वॉकर मात्र परत कर. नणंदेनं प्रेमाने आणलाय, म्हणून शब्द जपून वापर, पण परत कर. त्यात मूल झोळीत लोंबकळतं, चवड्यांवर पाय मारतं, स्वतःची पाउलं त्याला दिसत नाहीत आणि तोल सांभाळायची गरजच पडत नाही. चालणं त्याने लवकर येत नाही. शिवाय मूल भलत्या वेगाने जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोहोचतं. या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पुढे ती धरून उभी राहायला लागली की पांगुळगाडा वेगळा. तो मागून ढकलायचा असतो, वजन स्वतःच्या पायांवर असतं. तेव्हा त्यात थोडं ओझं ठेवायचं म्हणजे तो पुढे पळत नाही. पण ते पुढचं.

आधार दिला की मूल आळशी होतं, ही भीती फार जुनी आहे. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अंध आणि बहुविकलांग मुलांबरोबर आयुष्यभर काम केलं. ज्यांना बसताही येत नाही अशा मुलांसाठी त्यांनी एक छोटी खोलीवजा पेटी बनवली. मूल आत पाठीवर निजतं आणि हाताला लागतील अशा वस्तू वरून, बाजूंनी लटकत असतात. वस्तू रोज त्याच जागी, म्हणजे काल सापडलेली आज पुन्हा शोधता येते. मोठ्यांना त्यांचं सांगणं असं, की मुलाचा हात धरून त्याच्याकडून करून घेऊ नका, ते करत असताना मध्ये बोलू नका. मला हे फार पटतं. तू ट्रेवर एका वेळी दोनच वस्तू ठेव. खेळण्यांची टोपली तिच्यापुढे ओतू नकोस. वस्तू ठेवलीस की मनात दहापर्यंत मोज, गरज पडली तर पुन्हा मोज. अशा मुलांना हात निघायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्याच सेकंदाला वस्तू हातात कोंबतो.

वस्तू तोंडात मावेल इतकी लहान नको, आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची खेळणी असतील तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते बघ. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिकेला काही तासांत भाजल्यासारखी जखम होते. टब वापरायचाच असेल तर रिकामा, जमिनीवर आणि तू तिला बघू शकशील अशा ठिकाणी. पत्रात तू तिच्या डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीबद्दल काही लिहिलेलं नाहीस. लवकर जन्मलेल्या मुलांची ती व्हायलाच हवी, झाली नसेल तर या आठवड्यात विचार. आणि येत असलेली गोष्ट ती विसरली, किंवा एकच हात कायम मुठीत ठेवते असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांग.

नवऱ्याला काय सांगायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर "तिची खेळायची खुर्ची आहे" एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. त्याला तू लोकांबद्दल समजावत बसू नकोस. पुढच्या वेळी टबात बसवशील तेव्हा त्याला आणि सासूबाईंना शेजारी बसव. त्यांनी तिला दोन्ही हातांनी खेळताना अजून पाहिलेलं नाही, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. "बांधून ठेवणार?" असं विचारणारी आजी नातीवर जीव लावणारी आहे. तिला खुर्चीसमोरची जागा दे. वाट बघायचं काम ती तुझ्यापेक्षा चांगलं करेल.

आणि ती दहा मिनिटं तुझी होती याचा अपराध मानू नकोस. तू कपडे वाळत घालत होतीस आणि तुझी लेक स्वतःचं स्वतः खेळत होती. बाकीच्या आयांना हे रोज मिळतं.

खुर्ची आली की पहिल्या दिवशी नवं खेळणं काढू नकोस. ट्रेवर तेच झाकण ठेव.

– मावशी