माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचं हुबेहूब मॉडेल घरी, हाताने करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नेरळ-माथेरानच्या जुन्या इंजिनाचं मॉडेल पितळ-पोलादात करायचंय, घरी लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) नाही, आणि जमलं तर ते खऱ्या वाफेवर चालवायचंय. तर आधी काय करावं. मी या छंदात बरीच वर्षं आहे आणि माझं उत्तर ठाम आहे: आधी चाकं आणि फ्रेम. बॉयलर, धुराडं, केबिन, टाक्या हे सगळं नंतर. फोटो बघितला की हात धुराड्याकडेच जातो, कारण इंजिनाचा चेहरा तिथे असतो. पण खालचा भाग अडखळत असेल तर वरच्या सुबक कामाचा उपयोग शोकेसपुरताच राहतो.

इंजिनाची निवड मात्र उत्तम आहे. ही लाइन १९०७ साली सुरू झाली, रुळांमधली रुंदी २ फूट, आणि चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली. पुढे त्यांचे नंबर ७३८ ते ७४१ असे होते. सहाही चाकं जोडलेली, पाणी बाजूच्या टाक्यांमध्ये, फ्रेम चाकांच्या बाहेरून. एवढ्या चढावर सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच हवं, म्हणून सहा चाकं एकत्र जोडली. पण सहा चाकं ताठ जोडली तर घाटातल्या वळणांवर ती रुळात अडकतात. हा पेच ज्या युक्तीने सोडवला ती म्हणजे क्लीन-लिंडनर अ‍ॅक्सल, आणि माझ्या मते या इंजिनाचा खरा जीव तिच्यातच आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकजोडीला दोन अ‍ॅक्सल असतात, एकात एक. आतला भरीव अ‍ॅक्सल फ्रेममध्ये ताठ बसतो आणि त्याच्या टोकांना बाहेरून क्रँक, म्हणजे रॉडने फिरवायचा आखूड दांडा. त्याच्यावर एक पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीला पक्की. आतल्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी एक गोळा असतो. नळी त्या गोळ्यावर टेकते आणि आरपार पिन नळीला फिरवते. त्यामुळे क्रँक आणि चाकं जोडणारे रॉड जागच्या जागी सरळ राहतात, पण चाकं वळणाप्रमाणे थोडी तिरकी होतात आणि बाजूलाही सरकतात. मधली चाकजोडी साधी. मॉडेलमध्ये हे करता येतं: ८ मिलिमीटरच्या पोलादी सळईचा मध्यभाग गोळ्याच्या आकारात राखायचा, बाकीची ५ मिलिमीटरपर्यंत उतरवायची. गोळ्यातलं पिनचं भोक अ‍ॅक्सलच्या दिशेने जरा लांबट ठेवायचं, नाहीतर पिन आडवी आली की नळी वळणारच नाही. हे काम लेथचं आहे. कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कवाल्याकडे नीट ड्रॉइंग दिलं तर तो करून देतो. चाकं, सिलिंडरचे बोअर (आतली भोकं) आणि धुराडंही त्याच्याकडूनच उतरवून घ्या. बाकी बहुतेक काम कानस, हॅकसॉ, सोनारी करवत, व्हर्निअर आणि बऱ्यापैकी ड्रिल मशीनवर होतं.

प्रमाण १:१९ घ्या, म्हणजे १ फुटाला १६ मिलिमीटर. मग २ फुटांची लाइन बरोबर ३२ मिलिमीटरची होते, आणि ३२ मिलिमीटरचे रूळ जगभर तयार मिळतात. शिवाय खऱ्या लाइनवरचं २० मीटर त्रिज्येचं वळण या प्रमाणात जेमतेम १ मीटरचं होतं, ते गच्चीवर सहज मावेल. भारतातल्या ब्रॉडगेज इंजिनाच्या मॉडेलला ही सोय नाही. आपली १६७६ मिलिमीटरची रुंदी कुठल्याच प्रचलित मॉडेल-रुळावर बसत नाही, मग एकतर रूळही हाताने करावे लागतात किंवा रुंदी खोटी ठेवावी लागते.

मापांसाठी नेरळला जा. तिथे जुनं इंजिन मांडून ठेवलेलं आहे. आधी परवानगी घ्या, मग टेपने मापं घ्या. फोटो लांबून, अगदी बाजूने, कॅमेरा इंजिनाच्या मधोमध आणून काढा. जवळून काढलेल्या फोटोत कडा तिरप्या होतात आणि त्यावरून काढलेलं प्रत्येक माप चुकतं. ड्रॉइंग झालं की पुठ्ठ्याचं इंजिन करा, त्याच मापाचं. एका रविवारचं काम आहे, पण टाकीची उंची किंवा केबिनच्या खिडकीचं माप चुकलं असेल तर ते पुठ्ठ्यात दिसतं आणि पितळ वाचतं.

आता फ्रेम. २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना कथलाने डाग देऊन चिकटवायचे आणि अ‍ॅक्सलची भोकं दोन्हींत एकदमच पाडायची. मग गरम करून सोडवायचे. जोडदांड्या, म्हणजे सहा चाकांना जोडणारे रॉड, त्यांची भोकंही याच फ्रेमवरून उतरवून घ्यायची. स्वतंत्र मोजून पाडू नका. रॉडवरची अंतरं आणि अ‍ॅक्सलमधली अंतरं यांत केसाएवढा फरक असला तरी चाक फिरताना अडतं.

यानंतर सगळ्यात नाजूक काम: क्रँकचा कोन. डावी आणि उजवी क्रँक एकमेकींशी ९० अंशांत असतात, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला थबकलेला असताना दुसरा पूर्ण जोरात असतो. नव्याने करणारे ९० हा आकडा साधण्यात रात्री घालवतात. माझा आग्रह वेगळा आहे. कोन ८९ आला तरी इंजिन सुरळीत चालेल, पण तीनही अ‍ॅक्सलवर तो तंतोतंत तोच हवा. म्हणून डोळ्याने जुळवू नका, जिग, म्हणजे तुकडे ठरल्या जागी धरणारा साचा, करा: अ‍ॅल्युमिनिअमचा एक ठोकळा, त्यात अ‍ॅक्सल टेकायला व्ही आकाराची खाच आणि दोन क्रँक टेकायला दोन पिना. तिन्ही अ‍ॅक्सल त्याच जिगमध्ये लॉकटाइटने (धातू चिकटवणारा द्रव) बसवा, वाळल्यावर बारीक पिन मारा. जिगचाच कोन अर्ध्या अंशाने चुकलेला असला तरी बिघडत नाही, कारण चूक तिन्हीकडे सारखीच येते.

मग परीक्षा. जाड काच थोडी तिरपी ठेवा आणि रॉड न लावता चेसिस, म्हणजे चाकं बसवलेली फ्रेम, सोडा. ती आपल्या वजनाने घरंगळली पाहिजे. एका बाजूचे रॉड लावा, पुन्हा सोडा. मग दुसऱ्या बाजूचे. ज्या पायरीला अडखळेल तिथेच दोष शोधायचा. भोकं मोठी करून सुटका करून घेऊ नका, तशी चेसिस काही दिवसांनी खडखडते. मधल्या अ‍ॅक्सलला वर-खाली अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर रूळ जरा उंचसखल असला की कुठलं तरी चाक हवेत राहतं.

वरच्या भागाबद्दल थोडक्यात. टाक्यांना अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा, रिव्हेट मागून पंचाने उठवायचे. त्याआधी पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करा म्हणजे तो मऊ पडतो. खऱ्या इंजिनावर २० मिलिमीटरचं रिव्हेटचं डोकं इथे १ मिलिमीटरचं. रिव्हेटची संख्या आणि ओळ फोटोवरून मोजूनच घ्या. जाणकार माणूस आधी तेच बघतो.

वाफेबद्दल मी सावध आहे. छोटा बॉयलर तांब्याचाच, आणि जोड चांदीच्या डागाचे हवेत. कथलाचा साधा डाग २०० अंशांच्या आतच वितळतो, तो बॉयलरला कधीही वापरू नका. पूर्ण झालेला बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासा. पाण्याने तपासताना जोड सुटला तर फक्त गळतो, हवेने तपासताना सुटला तर तुकडे उडतात. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह मात्र आधी कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेवर चालवून बघा. चेसिस दोन्ही दिशांना सावकाश, न थबकता चालली की मग बॉयलरचं तांबं आणायला जा.