पंधरा हजारांत चार गाणी द्यायची का?

पुण्यातल्या धनकवडीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मराठी गाणी लिहिते, चाली लावते, गातेही स्वतःच. वर्षभरात तिची चार गाणी ऑनलाइन आली, काही हजार वेळा ऐकली गेली, पण खात्यात दोनशे रुपयेसुद्धा जमले नाहीत. आता एका म्युझिक कंपनीने चारही गाणी मिळून १५,००० रुपयांना मागितली आहेत, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. आणखी एक जण ८,००० रुपयांत लाखभर स्ट्रीम्सची, म्हणजे गाणं ऑनलाइन लाखभर वेळा वाजण्याची, हमी देतोय. मुलगी नोकरी करायला तयार नाही, शिवाय घरी स्टुडिओ करायला दीड लाख मागतेय. ‘यात करिअर आहे का, आणि आजकाल गाणी विकतात तरी कशी?’ असं आईंनी विचारलंय.

ताई, नमस्कार.

शुक्रवार तोंडावर आलाय, म्हणून आधी त्या दोन प्रस्तावांचं बघू. करिअरचं मग.

आठ हजारवाल्याला नाही म्हणा, आणि तेही आजच. हे विकतचे स्ट्रीम्स यंत्रं करतात. माणूस ऐकतच नाही. स्पॉटिफायने २०२४पासून असे बनावट स्ट्रीम्स सापडले की गाणं ॲपवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला दंड लावायला सुरुवात केली. तो डिस्ट्रिब्युटर पैसे तुमच्या मुलीकडून वसूल करणार, नाहीतर गाणंच काढून टाकणार. तिने स्वतः काही केलं नाही, कुणाला तरी पैसे दिले एवढंच, ही सबब तिथे चालत नाही.

पंधरा हजारांचं प्रकरण जरा खोल आहे. कराराच्या पानांचे फोटो पाठवलेत ते उत्तम केलंत. त्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर, कायमस्वरूपी’ असं एक वाक्य आहे. कंपनीला हवंय ते एवढंच, बाकी दोन पानं नुसती भरती.

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने निदान दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. त्याचं रेकॉर्डिंग ही दुसरी. तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही तिचीच (तिसऱ्या गाण्याचे शब्द सोडून, त्याबद्दल पुढे), कारण रेकॉर्डिंगचा खर्चही तिनेच केला. डिस्ट्रिब्युटरकडून जे दोनशे रुपये आले ते फक्त रेकॉर्डिंगचे. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळायचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, ते आयपीआरएस ही संस्था गोळा करून सभासदांना वाटते. १९६९पासूनची संस्था आहे, पण घरच्या घरी गाणी करणारी कितीतरी मुलं तिथे नाव नोंदवतच नाहीत आणि मग ‘या क्षेत्रात पैसा नाही’ म्हणतात. गायक-वादकांसाठी इसम्रा ही तशीच संस्था आहे. चार गाणी प्रसिद्ध झालेली आहेत, तेव्हा दोन्हीकडे चौकशी करून अर्ज भरायला सांगा.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली ती अशाच करारांमुळे. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा आता करारात लिहून घेतला तरी काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे ‘रॉयल्टीवर कोणताही दावा राहणार नाही’ हे त्यांचं सातवं कलम शब्द-चालीपुरतं पोकळ आहे. रेकॉर्डिंग मात्र एकदा लिहून दिलं की गेलं. कायदा आणखी एक सांगतो: करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते ‘जगभर, कायमस्वरूपी’ इतकं आवर्जून लिहितात.

तेव्हा चारही गाणी देऊ नका. फारच ओढ असेल तर एक द्या, तेही तीन वर्षांच्या परवान्यावर, मालकी तिची ठेवून.

जाता जाता. तिसरं गाणं तिने एका कवितेला चाल लावून केलंय असं लिहिलंत, पण कवीचं नाव दिलं नाहीत. ते तपासा. कवी गेल्यानंतरची साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. तुकारामांचा अभंग असो की १९१८ साली गेलेल्या बालकवींची कविता, कुणाला विचारायची गरज नाही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत लेखी परवानगी लागेल. परवानगी नसलेलं गाणं मुळात विकताच येत नाही, पंधरा हजारांत काय आणि पंधरा रुपयांत काय.

आता तुमचा खरा प्रश्न, गाणी विकायची कशी.

स्ट्रीमिंगच्या रकमेवर डोळा ठेवू नका. हजार वेळा गाणं ऐकलं गेलं तर येणाऱ्या पैशांत दोघींची मिसळ होईल का याची शंका आहे, आणि स्पॉटिफायवर तर वर्षभरात हजार स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला आता रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. स्ट्रीमिंग म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची काच. गिऱ्हाईक तिथे थबकतं, गल्ला आत असतो. बरं, काचही दुसऱ्याच्या मालकीची. रेसो हे गाण्यांचं ॲप २०२४च्या जानेवारीत भारतातून गेलं, त्याच वर्षी विंक हे तसलंच ॲपही बंद झालं. टिकटॉक तर २०२०च्या जूनमध्ये एका रात्रीत गेलं आणि त्यावर लाखभर फॉलोअर जमवलेल्या पोरांकडे एकाही माणसाचा फोन नंबर नव्हता.

म्हणून पहिलं काम नंबर जमवायचं. गाणं आवडलं असं जो कुणी म्हणेल त्याला विचारून त्याचा व्हॉट्सॲप नंबर किंवा ईमेल घ्यायचा आणि वहीत नोंदवायचा. अशी दोनशे माणसं झाली की ती वही मला दहा हजार फॉलोअरपेक्षा जास्त मोलाची वाटते. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात, पण हॉलचं भाडं वहीतल्या माणसांनीच भरून निघतं.

त्या दोनशे जणांना गाणं प्रत्यक्ष ऐकवायचं. पुण्यात हे इतर शहरांपेक्षा सोपं आहे, कारण इथे तिकीट काढून गाणं ऐकायची सवय जुनी आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तो १९५३ साली. २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तोही इथेच, आणि तिथे लोक स्वतःची गाणी करणारे बँड ऐकायला आले. तुमच्या मुलीने अर्थात एवढ्या मोठ्या मंचाची वाट बघायची नाही. कुणाच्या तरी हॉलमध्ये चाळीस माणसं, माणशी तीनशे रुपये, दीड तासाची मैफल: बारा हजार. कंपनी चार गाण्यांचे कायमचे पंधरा देत होती, तिथे एका संध्याकाळचे बारा. आणि गाणी तिचीच राहतात. दिवाळी पहाट, कोजागिरी, सोसायटीचा गणपती, ही सगळी बुकिंगं महिना-दोन महिने आधी ठरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जाऊन गणपतीसाठी विचारू नका. आणि ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्या समितीला नम्रपणे विचारायचं, मांडववाल्याला किती देताय?

मैफलीच्या दारातच विक्री होते. एक टेबल, यूपीआयचा कोड, गाण्यांच्या शब्दांची छापील पुस्तिका आणि त्यात गाणी डाउनलोड करायची लिंक. शंभर-दीडशे रुपयांना लोक घेतात, कारण त्या क्षणी त्यांना काहीतरी घरी न्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन घेतील ही आशा सोडा. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी बँडकॅम्प ही गाणी विकायची वेबसाइट बरी आहे, डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापते. पण तिथला व्यवहार मुख्यतः पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर चालतो आणि पेपालने २०२१च्या एप्रिलपासून भारतातल्या भारतात पैसे द्यायची सोय बंद केली आहे. तेव्हा डॅलसच्या मावशीला बँडकॅम्प, कर्वेनगरच्या काकूंना यूपीआय.

ऑनलाइन प्रसिद्धीचं फार वाढवत नाही, ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोनच गोष्टी तिला वाचून दाखवा. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे तीन-चार आठवडे आधी द्यायचं, आणि स्पॉटिफायच्या कलाकारांच्या खात्यातून प्लेलिस्टसाठी निदान सात दिवस आधी पाठवायचं. आदल्या रात्री अपलोड केलेल्या गाण्याला ही दारं बंद असतात. दुसरं, आयत्या बीट्स आणि लूप्स (दुसऱ्याने बनवलेले ताल-सुरांचे तुकडे) वापरत असेल तर परवाना जपून ठेवायचा, नाहीतर यूट्यूबवर दुसराच कुणी तिच्या गाण्यावर दावा ठोकतो. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉचटाइम लागतो (शॉर्ट्सचा निकष वेगळा आहे), म्हणजे तो पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरूच नका.

दीड लाखांचा स्टुडिओ नको. तिची चारही गाणी मी ऐकली. आवाज स्वच्छ आहे, कमी पडतंय ते मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा मेळ, आणि ते महागड्या माईकने सुधारत नाही. पुण्यात स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळतात. त्या दीड लाखातले तीस-चाळीस हजार पुढच्या गाण्यांच्या चांगल्या मिक्सिंग-मास्टरिंगला द्या, बाकीचे तुमच्याकडेच राहू देत.

आणि करिअर? आहे, पण नुसत्या स्वतःच्या गाण्यांवर पहिली तीन-चार वर्षं घर चालेल असं मला वाटत नाही. जे टिकलेले दिसतात ते नाटकाला संगीत देतात, शॉर्ट फिल्म, जाहिराती, पॉडकास्टची कामं घेतात, शिकवतात, आणि त्यातून स्वतःची गाणी करतात. प्रायोगिक नाटकं आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म या शहरात कमी नाहीत. सुरुवातीला मानधन थोडं असतं, पण ओळखी तिथेच होतात. बी.कॉम. मात्र पूर्ण करू दे. जीएसटी, करार, बिलं हे समजणारा कलाकार मला फार क्वचित भेटतो, तिला ते आयतं येतंय. पदवीनंतर अर्धवेळ नोकरी आणि दोन वर्षांची मुदत असं तिघांनी बसून ठरवा. दोन वर्षांनी बघायचा आकडा स्ट्रीम्सचा नको, तिकिटं आणि कामं मिळून महिन्याला किती आले याचा हवा.

शुक्रवारी कंपनीला एवढंच ईमेल करा, फोनवर बोलू नका: ‘एका गाण्याचा तीन वर्षांचा परवाना देऊ शकतो, मालकी आणि रॉयल्टी आमच्याकडे राहील, मान्य असल्यास सुधारित मसुदा पाठवावा.’ मसुदा आलाच तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा आणि एक प्रत मलाही पाठवा.