वाचकांचे प्रश्न: पाडलेल्या स्लॅबचं करायचं काय?

प्रश्न: नमस्कार. आमच्या गावात शाळेच्या दोन जुन्या खोल्या हायेत, 20 बाय 20 च्या, स्लॅब 5 इंची. प्लास्टर सुटून सळाखी उघड्या पडल्या, आता पाडायची परवानगी भेटली. ठेकेदार म्हन्ते ब्रेकर लावून मोकळं करून देतो अन् मलबा नाल्यात टाकतो. पन आमच्या पांदणीची पावसाळ्यात अशी हालत होते का बैलगाडी फसते, तं तो मलबा बारीक करून पांदणीवर टाकता येईन काय? अन् बारीक करायची मशीन गावात आणता येते काय?
(एक वाचक, ता. दर्यापूर)

उत्तर: भाऊ, नाल्यात एक टोपलंही टाकू देऊ नका. नाला बुजला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वावरात घुसते, मग भांडत बसा. पांदणीचा तुमचा विचार एकदम बरोबर आहे, फक्त आधी हिशोब करून घ्या म्हणजे मशीनचं आपोआप ठरते.

दोन्ही खोल्यांचा मिळून 800 चौरस फूट स्लॅब, 5 इंचाने धरला तर 333 घनफूट, म्हणजे साडेनऊ घनमीटरच्या आसपास, वजन जवळपास 23 टन. फोडल्यावर माल फुगतो, साधारण दीडपट होतो, म्हणजे 5 ब्रास धरा (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). 10 फूट रुंदीच्या पांदणीवर अर्धा फूट थर टाकला तर 100 फूट जाईल, रोलर फिरला की अजून दबेल म्हणून 80 फुटांचाच भरवसा ठेवा. म्हणजे सगळी पांदण होणार नाही, पण जिथं गाडी दरवर्षी फसते तेवढा तुकडा नक्की होतो.

आता मशीन. ट्रॅकवर चालणारे मोबाइल जॉ क्रशर असतात, एक जबडा स्थिर अन् दुसरा हलता, मधात माल चेपून फुटतो, ही रचना 1858 सालच्या पेटंटपासून चालत आलेली आहे. पण त्यातली मोठी मशीन स्वतःच 30 टनांच्या वर असते, ट्रेलरवर आणावी लागते, अन् तासाला 100 टनांच्या वर माल काढते. तुमचं काम तिला अर्ध्या तासाचंही नाही, आणायचा-न्यायचाच खर्च कंबर मोडेल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की क्रशर गावाला नाही, तालुक्याला पाहिजे. पाच-दहा ग्रामपंचायतींनी जुन्या शाळा, टाक्या, समाजमंदिरं यांचा मलबा एका जागी साठवायचा अन् वर्षातून एकदा मशीन बोलवायची. हा विषय पंचायत समितीत रेटून धरा, खरंच धरा, कारण 1970-80 च्या काळातले स्लॅब आता गावोगावी पाडायला आलेत.

यंदापुरतं ब्रेकरवरच भागवा. जेसीबीचा किंवा पोकलेनचा ब्रेकर छिन्नीवर मिनिटाला शेकडो ठोके मारतो, त्याची थरथर जमिनीतून जाते, बाजूला कोणाचं मातीच्या भिंतीचं घर असेल तर आधी त्यांना सांगा अन् त्या बाजूचा भाग घनानंच पाडा. मशीन बाहेरूनच चालवायची, कमजोर स्लॅबवर चढवायची नाही, आणि खाली माणूस तर सोडाच, शेळीही नको. ठेकेदाराला पल्वरायझर भेटत असेल तर सोन्याहून पिवळं, तो पोकलेनच्या हाताला लावायचा जबडा आहे, काँक्रीट दाबून चुरतो अन् सळाख मोकळी करतो, ठोके नाहीत म्हणून थरथरही कमी. पण आपल्या जिल्ह्यांत तो क्वचितच दिसतो.

स्लॅबचे चकले खाली आले की जमिनीवर परत ब्रेकर मारून जाळी सुटी करायची, बकेटने ओढून काढायची, गॅस कटरने तुकडे करायचे, अन् उरलेले ढेकळं घनाने 2-3 इंचावर आणायचे. पाणी मारत राहा, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही, नुसता तोंडाला दुपट्टा बांधून होत नाही, चांगला मास्क द्या मजुरांना.

आणि आता जे सगळे विसरतात ते. बायंडिंग तार, म्हणजे सळाखी एकमेकींना बांधायची बारीक तार! सळाख दिसते म्हणून सगळे उचलतात, तिला भावही भेटतो, पण बोटाएवढे गंजलेले तारेचे तुकडे मालात तसेच राहतात, ते पांदणीवर गेले की ट्रॅक्टरचा टायर पंक्चर अन् बैलाच्या खुरात घुसले तर बैल लंगडा, ऐन पेरणीत. मोठ्या प्लांटवर पट्ट्याच्या वर लोहचुंबक टांगलेलं असते, ते लोखंड उचलून बाजूला टाकते. तुम्ही जुन्या मोठ्या स्पीकरचं चुंबक दांडक्याला बांधा, माल पातळ पसरवा अन् त्यावरून फिरवा, मग उलथवून परत फिरवा. या कामाला घाई करू नका.

टाकताना काळ्या मातीवर डायरेक्ट नको, माती फुगून वर येते अन् माल खाली जातो. वरची मऊ माती काढा, मुरमाचा थर द्या, त्यावर हा माल, वर परत मुरूम, पाणी, रोलर. दोन्ही बाजूनं नाली पाहिजेच. विहिरीला खेटून मात्र टाकू नका, नव्याने फोडलेल्या काँक्रीटमधून झिरपणारं पाणी खूप अल्कली असते.

प्रश्न: आमच्याजवळ खदानीवर गिट्टी क्रशर आहे. मलबा त्यातच टाकला तर?
(एक वाचक, ता. आर्वी)

उत्तर: मालक बहुतेक नाहीच म्हणेल अन् त्याचं बरोबर आहे. लांब सळाख जबड्याखाली अडकते किंवा खालून सुटून आडवी होते आणि कन्व्हेयरचा पट्टा उभा फाडते. मलब्याच्या क्रशरला जबड्याखाली मोकळी जागा जास्त ठेवतात, पट्ट्यावर चुंबक असते, नंतर चाळण्या. देशातलं असं पहिलं मोठं केंद्र 2009 मध्ये दिल्लीत बुराडीला सुरू झालं. सळाख शंभर टक्के काढलेला अन् चुंबक फिरवलेला माल असेल तर मालकाशी बोलून पाहा, नाहीतर नको.

प्रश्न: जुन्या घराच्या स्लॅबची गिट्टी अन् सळाखी नवीन घराच्या स्लॅबला वापरल्या तर चालेल का? बराच पैसा वाचते.
(एक वाचक, ता. तेल्हारा)

उत्तर: सळाखी नाही. 12 एमएमची सळाख गंजून 10 वर आली तर 30 टक्के लोखंड गेलं, वरून वाकवून सरळ केलेली. भंगारात द्या, जालन्याच्या भट्ट्यांत वितळून तिची नवी सळाख होते, तोच तिचा खरा पुनर्वापर.

गिट्टीचं असं की भारतीय मानक आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीत फोडलेल्या काँक्रीटची गिट्टी आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत चालते, तेही एम 25 ग्रेडपर्यंतच (ग्रेड म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). जुना मसाला चिकटलेला असल्यानं ती पाणी जास्त पिते, म्हणून आधी भिजवून घेतात. पण ताई, तुमचा तालुका खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. जुन्या काळी स्लॅबला पाणी बोअरचंच वापरलं असेल तर तो क्षार काँक्रीटमध्येच बसलेला आहे. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर नको असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगते, अन् सळाख गंजायचं मोठं कारण हेच क्लोराइड. तीच गिट्टी नव्या स्लॅबमध्ये गेली तर नवी सळाखही तसीच सडेल. तुमच्याकडची गिट्टी अंगणाच्या फरशीखाली, गोठ्यात, रस्त्याला, जिथं लोखंड नाही तिथंच वापरा, अन् नव्या स्लॅबचं पाणी आधी लॅबमधून तपासून घ्या.