वेल्समध्ये एकच दिवस हाताशी असेल, तर वास्तुरचना समजून घ्यायला कोणतं जुनं खानदानी घर पाहावं?

तुम्ही लिहिलंय की किल्ले बघून झालेत, आता एखादं राहतं घर बघायचंय, तेही नुसते फोटो काढायला नाही तर 'ते कसं बांधलंय' हे कळावं म्हणून. मग माझं उत्तर एकच आहे: रेक्सम शहराजवळचं एर्दिग. (नावात दोन 'डी' लागोपाठ दिसतील, पण वेल्शमध्ये त्यांचा उच्चार 'द'च्या जवळ जातो. टॅक्सीवाल्याला 'एरडिग' म्हणालात तरी तो नेईल.) मी चेस्टरला राहतो, पेशाने सिव्हिल इंजिनिअर. भारतातून पाहुणे आले की बहुतेकांना टिपूचा तंबू बघायला पोविस कॅसलला जायचं असतं. तिथेही जरूर जा, पण घर म्हणून एर्दिगच.

गेल्या गेल्या आत शिरू नका. आधी घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. पूर्वेला, बागेच्या बाजूने, लांबलचक लाल विटांचं घर दिसेल. पश्चिमेला, म्हणजे मुख्य दाराच्या बाजूने, तेच घर राखट दगडाचं, मधोमध त्रिकोणी माथा असलेलं, जरा रुक्षच. घर एकच, तोंडं दोन. माझ्या बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं आपण चुकून शेजारच्या इमारतीपाशी आलो.

याचं कारण पाऊस. मूळ घर 1684 ते 1687 मध्ये टॉमस वेब यांनी जोशुआ एडिसबरी या जमीनदारासाठी बांधलं, सगळं विटांचं. इकडे वारा आणि पाऊस येतो पश्चिमेकडून, आणि त्या झडीने शंभरेक वर्षांत पश्चिमेच्या विटा खराब झाल्या. तेव्हा 1772-73 मध्ये जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून तेवढीच बाजू दगडाने मढवून घेतली. फॅशनही होतीच, पण मला ते घरावर चढवलेल्या रेनकोटासारखं वाटतं. बागेच्या बाजूला झड लागत नव्हती, म्हणून तिथल्या विटा तशाच राहिल्या. माझ्या मते तीच बाजू जास्त देखणी आहे.

आता त्या विटांकडे पाहताना घराची लांबी लक्षात घ्या. मधला भाग एडिसबरीचा, दोन्ही टोकांचे पंख नंतरचे. एडिसबरी या घरापायी कर्जात बुडाला. त्याला पैसे देणाऱ्यांत एलिहू येल होता. हा रेक्समच्याच परिसरातल्या घराण्यातला, ईस्ट इंडिया कंपनीतर्फे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झालेला, आणि ज्याच्या नावाने अमेरिकेतलं विद्यापीठ आहे तोच. म्हणजे मद्रासमध्ये कमावलेला पैसा या घराच्या हिशेबात कुठेतरी आहेच. पुढे जॉन मेलर नावाच्या लंडनच्या श्रीमंत वकिलाने घर घेतलं आणि 1721 ते 1724 मध्ये दोन्ही पंख जोडले. तो अविवाहित, त्यामुळे 1733 मध्ये घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे गेलं. तिथून पुढे मालक एकतर सायमन नाहीतर फिलिप, शेवटपर्यंत.

आता माझा आवडता भाग. कडेच्या कोपऱ्यातून छताखालची आडवी रेघ नजरेने पकडायचा प्रयत्न करा. विसाव्या शतकात बर्शम कोळसा खाणीचं खोदकाम थेट या घराखाली पोचलं आणि घर खचलं. थोडंथोडकं नाही, सुमारे 5 फूट! त्यातही सगळीकडे सारखं खचलं असतं तर एक वेळ चाललं असतं. एक टोक जास्त आणि दुसरं कमी असं झालं की लांबट घराचा कणाच मोडतो: भिंतींना तडे जातात, छताचे सांधे उघडतात, मग पाणी आत येतं आणि पाण्यामागोमाग लाकूड खाणारी बुरशी. चिनी रेशमाने सजवलेला 1720च्या सुमाराचा शाही पलंग वरच्या मजल्यावर आहे, त्याच्यावर छतातून पाणी गळत होतं. शेवटचा मालक, तिसरा फिलिप, तेव्हा या पडक्या घरात विजेशिवाय राहत होता, आणि टीव्ही बघायचा असेल तर जनरेटर लावत होता. 1973 मध्ये त्याने घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिलं. पायाखाली काँक्रीट घालून घर सावरलं आणि 1977 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. कोळसा मंडळाकडून 1,20,000 पौंड भरपाई मिळाली होती, पण ती पुरण्यासारखी नव्हती. इस्टेटीतली 63 एकर जमीन विकावी लागली, तेव्हा कुठे खर्च भागला.

आत जाताना तुम्हाला मुख्य दारातून नेत नाहीत. सुताराचं दुकान, लोहारकाम, धोबीघर, भटारखाना असं करत नोकरांच्या वाटेने घरात शिरायचं. काहींना हे खटकतं, मला मात्र घर समजायला हीच वाट बरोबर वाटते. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने मुळात घरापासून सुटं बांधलं होतं, त्याच्या खिडक्या बघा: एखाद्या दिवाणखान्याला शोभतील अशा. पुढे नोकरांच्या दालनात सुतार, लोहार, झाडूवाली यांची तैलचित्रं आहेत, खाली यॉर्कांनी रचलेल्या पद्यओळींसकट. 1790च्या दशकात नोकरांची अशी चित्रं काढून घेणारी घरं फारशी नव्हती.

वेळ उरला तर बागेपलीकडे ओढ्यावरची 'कप-बशी' बघा. 1774 मधलं बागरचनाकार विल्यम एम्स यांचं काम: दगडी बशीसारख्या गोल तळ्याच्या मधोमध पाणी एका नळकांड्यात कोसळतं आणि पुढे बोगद्यातून बाहेर पडतं. चिखल असतो, बूट तसे घाला.

आणि एक, हे महत्त्वाचं: बऱ्याच खोल्यांत आजही विजेचे दिवे नाहीत. ढगाळ दिवशी दुपारी तीननंतर गेलात तर पलंगाच्या रेशमावरचं भरतकाम तुम्हाला दिसणारच नाही. सकाळीच जा.