कोजागिरीच्या हौजीची पत्रिका पहिल्यांदा करताय?

ताई, घाबरू नका. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, तेवढी भरपूर. पहिल्या पानावर नाव, तारीख, वेळ, जागा. मागे देणगीदार.

जीव ओता तो आतल्या बक्षिसांच्या पानावर, लोक रात्रभर तेच बघतात. जलद पाच, चार कोपरे, वरची ओळ, मधली, खालची आणि शेवटी फुल हाऊस, आणि प्रत्येकासमोर बक्षीस. शेजारच्या पानावर नियम दोन-तीनच. बक्षीस लागलं की पुढचा नंबर पुकारायच्या आत हात वर करायचा, हा ठळक छापा. भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

नवखे इथे चुकतात:

- अक्षर बारीक ठेवतात. १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. अंगणातल्या एका बल्बखाली आजीला वाचता आलं पाहिजे.
- चार-चार फॉन्ट वापरतात. ‘मुक्ता’ फुकट मिळतो, तोच सगळीकडे चालवा.
- प्रेसला वर्डची फाइल देतात. माझी तालुक्याच्या प्रेसमध्ये उघडली तेव्हा रफार सरकला आणि ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ झालं. २०० प्रती तशाच आल्या, फार वाईट वाटलं. पीडीएफच द्या, आणि एक नमुना प्रत काढून घरच्या कुणाला मोठ्यानं वाचायला लावा.

रंगीत छपाई, जाहिराती वगैरे पुढच्या वर्षी बघू. यंदा पांढऱ्यावर काळं, चारी बाजूंनी सेंटिमीटरभर जागा मोकळी. मसुदा झाला की पाठवा, मी नजर टाकते.