आठ फुटी अ‍ॅक्रिलिक टँक घरीच बनवायचाय, 12 मिमीची शीट पुरेल का?

प्रश्न: ताई नमस्कार. गेली सहा वर्षं मी काचेचे टँक सांभाळतोय, त्यातले तीन स्वतः सिलिकॉनने जोडलेत आणि एकही गळला नाही. आता मोठा करायचाय, 8 फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. एवढी काच उचलायलाच माणसं लागतील म्हणून अ‍ॅक्रिलिक घ्यायचं ठरवलंय. 12 मिमी पुरेल का, आणि सिलिकॉन कुठल्या प्रकारचं घेऊ? स्टँड जुन्यासारखाच करणार, लोखंडी, फक्त कडेने चौकट असलेला.

उत्तर: बरं झालं शीट घ्यायच्या आधी विचारलंत. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धरत नाही हो. लावल्यावर बसल्यासारखं वाटतं, पण टोक उचकटून ओढलं की पट्टी सोलून येते, आणि तुमच्या मापाच्या टँकमध्ये 1400 लिटर पाणी मावतं म्हणजे जवळजवळ दीड टन, तेवढं त्या पट्टीच्या भरवशावर सोडू नका. अ‍ॅक्रिलिकचा सांधा सॉल्व्हंटने करतात. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात.

आता उंची. पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो, टँक 4 फूट लांब असो की 8, तळाशी दाब तोच. पण उंची वाढली की समोरच्या शीटवरचा एकूण जोर वर्गाच्या हिशोबाने वाढतो. तुमच्या अडीच फूट उंचीला समोरच्या शीटवर साधारण 700 किलोचा जोर येतो, तीच उंची 2 फूट केली तर साडेचारशेच्या आसपास. म्हणून मी म्हणेन उंची 2 फूट ठेवा आणि हवी तर रुंदी वाढवा, माशांना पोहायला आडवी जागा लागते आणि तुमचा हातही तळापर्यंत पोचेल, झाडं लावताना आणि वाळू साफ करताना ते फार कळतं. 2 फुटाला 20 मिमी घ्या, अडीच फुटावर अडूनच बसलात तर 25. 12 मिमी नको, लगेच फुटेल असं नाही पण अ‍ॅक्रिलिकवर कायमचा ताण राहिला की ते हळूहळू वाकत जातं, आणि तो सगळा ताण शेवटी सांध्यावर येतो. वजनाची काळजी नको, 20 मिमीची 8 बाय 2 फुटी शीट 35 किलोच्या आसपास भरते, तेवढीच काच त्याच्या दुप्पट.

शीट घेताना कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं, अ‍ॅक्रिलिकच मागा. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, स्वस्त पडतं, पण त्यात आधीच ताण असतो आणि सॉल्व्हंट लागला की केसासारख्या बारीक चिरा उठायची शक्यता जास्त.

खरं काम कडांचं आहे आणि लोक इथेच घाई करतात. करवतीने कापलेली कड डोळ्याला सरळ दिसते पण तिच्यावर दातांच्या रेघा असतात, त्यामुळे दोन कडा पूर्ण टेकत नाहीत. राउटर, म्हणजे सुतारकामातलं फिरत्या पात्याचं यंत्र, सरळ पट्टीच्या आधाराने फिरवून कड सपाट करा, पातं धारदार हवं, वितळल्यासारखी कड दिसली तर ती परत काढा. आणि जी कड जोडायचीय ती ज्योतीने चकचकीत करू नका, त्याने पृष्ठभागात ताण बसतो आणि नंतर तिथेच चिरा उठतात. शीटवर चिकटवलेला संरक्षक कागद सगळा काढायचा नाही, फक्त सांध्याजवळचा दोन बोटं सोलायचा.

जोडायची रीत अशी. समोरची शीट आडवी ठेवा, तिच्यावर बाजूची उभी करा, मध्ये दर पाच-सहा इंचावर बारीक तार किंवा टाचणी घालून केसभर फट ठेवा. सुईच्या बाटलीने पातळ सॉल्व्हंट आतल्या बाजूने सोडत जा, तो आपोआप फटीत ओढला जातो. अर्धा-एक मिनिट थांबा, कडा मऊ होतात, मग ज्या क्रमाने सॉल्व्हंट सोडला त्याच क्रमाने टाचण्या काढा, वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने बसतो. हाताने दाबू नका, दाबलं की सॉल्व्हंट बाहेर पळतो आणि सांधा कोरडा राहतो. चांगला सांधा काचेसारखा आरपार दिसतो. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो, पण चंदेरी पट्टा दिसला तर तिथे जोडच झालेला नाही, तो भाग कापून परत करा. मला माझ्या पहिल्या टँकमध्ये असा वीतभर पट्टा दिसला होता, पाणी भरायचा मोह फार होता, पण तो तुकडा कापून पुन्हा जोडला आणि आज त्याचं समाधान वाटतं. दोन्ही बाजू झाल्या की उलटून मागची शीट, मग वरची आणि शेवटी तळ. आधी टाकाऊ तुकड्यांवर पाच-सहा सांधे करा, सुकल्यावर हातोडीने तोडून बघा. सॉल्व्हंटमध्ये बहुतेक वेळा मिथिलीन क्लोराईड असतं, त्याची वाफ घातक, साध्या मास्कने ती अडत नाही, काम मोकळ्या हवेतच करा.

वरून नुसत्या पट्ट्या लावू नका. एक अख्खी शीट घेऊन तिच्यात तोंडं कापा, कडेने 4 इंच आणि मधे आडवे पट्टे शिल्लक ठेवून, आणि तोंडाचे कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते, हे विसरू नका.

स्टँडला नुसती चौकट चालणार नाही, अ‍ॅक्रिलिकच्या तळाला सगळीकडे आधार लागतो, म्हणजे मजबूत सांगाडा, त्यावर जाड प्लाय, आणि सगळं लेव्हलमध्ये. आणि जमिनीचं बघा. 2 फूट उंचीला नुसत्या पाण्याचाच भार चौरस मीटरला 600 किलो येतो आणि घरातली जमीन साधारणपणे 150 ते 200 धरून डिझाईन करतात. याचा अर्थ ती लगेच खचेल असं नाही, पण तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका, ही माझी अटच समजा.

प्रश्न: ताई, अ‍ॅक्रिलिक लगेच ओरखडतं ना, मग एवढी मेहनत करून दोन वर्षांत धूसर दिसायला लागलं तर? आणि बर्लिनच्या हॉटेलात फुटलेल्या त्या मोठ्या अ‍ॅक्रिलिक टँकसारखं झालं तर?

उत्तर: ओरखडतं, खरंय. चुंबकाच्या घासणीत वाळूचा एक कण अडकला तरी रेघ उठते, म्हणून घासणी वाळूपासून वर ठेवा, धातूचं पातं लावू नका, आणि अमोनिया किंवा स्पिरीट असलेला क्लीनर अजिबात नको. पण काचेचा ओरखडा कायमचा असतो, अ‍ॅक्रिलिकचा बारीक बारीक पॉलिश पेपरने उतरवून परत चमकवता येतो.

बर्लिनचा गोल टँक डिसेंबर 2022 मध्ये फुटला, त्यात सुमारे 10 लाख लिटर पाणी होतं. तपासात नेमकं एकच कारण ठरवता आलं नाही, पण सांधा निकामी होणं ही पुढे आलेल्या शक्यतांपैकी एक होती. तुमच्या टँकचं माप त्याच्या जवळपासही नाही, तरी सांध्याला वेळ द्या. शेवटचा जोड झाल्यावर दोन-तीन आठवडे हात लावू नका, मग टँक अशा जागी ठेवा जिथे पाणी सांडलं तरी चालेल, आणि रोज पाव पाव भरत चार दिवसांत पूर्ण करा. रोज टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा, समोरच्या शीटचा फुगवटा पट्टी लावून मोजा आणि लिहून ठेवा. भरलेला आठवडाभर राहू द्या, आकडा वाढायचा थांबला की मग वाळू टाका.